इंग्लंडमध्ये एका दिवसासाठी नॅरोबोट (कालव्यांतली लांब, अरुंद बोट) भाड्याने घेऊन स्वतः चालवता येते का? अनुभव नसेल तर जमतं का?

जमतं. आम्ही पाच जण होतो आणि एकानेही त्याआधी बोट चालवलेली नव्हती. अशा भाड्याच्या बोटीला परवाना लागत नाही, निघण्यापूर्वी बोटवाले सगळं हातात देऊन शिकवतात. फक्त लांबचा पल्ला ठरवू नका.

माझ्या मते पहिल्यांदा सरे काउंटीतली वे नदी घ्यावी. ही नदी 1653 मध्ये वेब्रिजपासून गिल्डफर्डपर्यंत मालवाहू बोटींसाठी खुली झाली, 1764 मध्ये तीच वाट पुढे गोडाल्मिंगपर्यंत नेली. आज ती नॅशनल ट्रस्ट ही वारसा जपणारी संस्था सांभाळते. आम्ही गिल्डफर्डहून गोडाल्मिंगला जाऊन परत आलो. एका बाजूचं अंतर साधारण सात किलोमीटर, पण त्यात दिवस गेला. बोट माणसाच्या चालीने जाते. आई काठच्या पायवाटेने चालत निघाली आणि आमच्या आधी लॉकवर (दोन्ही टोकांना कवाडं असलेला, पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली नेणारा हौद) पोचून बाकावर बसली होती!

सुकाणूचा दांडा उलटा चालतो: बोट डावीकडे न्यायची तर दांडा उजवीकडे ढकलायचा. बोट लगेच वळत नाही, त्यामुळे नवखा माणूस आणखी ढकलतो आणि थेट झुडपात जातो. थोडं ढकला, थांबा, नाक वळू द्या. अर्ध्या तासात हात बसतो.

खरी मजा लॉकमध्ये आहे. वर चढताना रिकाम्या लॉकमध्ये शिरायचं, मागची कवाडं लावायची आणि वरच्या झडपा लोखंडी हँडलने हळूहळू उघडायच्या. घाई केली की पाण्याचा लोंढा बोटीला इकडून तिकडे आपटतो, म्हणून पुढून-मागून दोन्ही दोर धरून ठेवायचे. माझे बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. सेंट कॅथरीन्स लॉकवर मी कवाडाच्या लाकडी तुळईला जीव खाऊन रेटत होतो, तेव्हा ते म्हणाले, "अरे, अजून चार बोटं फरक आहे. दोन्हीकडचं पाणी सारखं झाल्याशिवाय ते हलायचं नाही." मिनिटभराने त्यांनी तुळईला नुसती पाठ टेकली आणि कवाड उघडलं. त्यांचा तेव्हाचा चेहरा मला त्या सहलीतला सगळ्यात आवडतो.

खाली उतरताना मात्र दोन गोष्टी जिवावरच्या आहेत. दोर खुंटाला गाठ मारून बांधायचा नाही, एक वेढा देऊन हातात धरायचा आणि सोडत राहायचा, नाहीतर पाणी उतरतं आणि बोट लटकते. दुसरं, वरच्या कवाडांखाली दगडी उंबरठा असतो. बोटीचं मागचं टोक त्यावर टेकलं तर पुढचा भाग खाली जाऊन बोट बुडू शकते. बोट पुढेच ठेवा आणि एक माणूस फक्त तेवढ्यावर नजर ठेवायला नेमा.

शॅलफर्डजवळचा ब्रॉडफर्डचा पूल फार ठेंगणा आहे, तिथे सगळ्यांनी डोकी सांभाळा. त्याच भागात जुन्या वे-अरुण कालव्याचं तोंड दिसतं. तो 1816 मध्ये सुरू झाला, तेव्हा त्या वाटेने बोटी दक्षिणेला समुद्राकडे जात. रेल्वे आल्यावर धंदा बसला आणि 1871 मध्ये कालवा बंद झाला. तिथे बोट जरा हळू करा.

पोळी-भाजीचा डबा घरूनच न्या, आम्ही गोडाल्मिंगला काठाला बोट लावून जेवलो. आणि जेवणाआधीच घड्याळ बघून ठेवा, कारण आलेले सगळे लॉक परतीलाही आहेतच.