उंच खिडक्यांची कैची आणि नागपूरचे ऊन

प्रश्न : हिंगणा औद्योगिक वसाहतीत लाकडी फर्निचरच्या कारखान्यासाठी मी शेड बांधत आहे. दिवसा दिव्यांविना काम व्हावे, म्हणून छपरातच उंच खिडक्या ठेवायचा विचार आहे. कंत्राटदार मात्र नेहमीची दोनपाखी कैची (छपर पेलणारा त्रिकोणी सांगाडा) उभारून मध्ये पारदर्शक पत्रे टाकायला सांगतात. आपला सल्ला काय?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : पारदर्शक पत्र्यांतून उजेडाबरोबर वैशाखातले ऊनही थेट कारागिरांच्या डोक्यावर येईल, म्हणून तो मार्ग मला मुळीच पसंत नाही. आपल्याला हवे आहे ते करवतीच्या दात्यांसारखे ‘नॉर्थ लाइट’ छप्पर. त्यात प्रत्येक दात्याचे दक्षिणेकडचे उतरते पाखे पत्र्याचे असते, उत्तरेकडची बाजू काचेची असते आणि आढी (दात्यांच्या माथ्यावरच्या रेषा) पूर्व-पश्चिम धावतात.

मात्र जुन्या आराखड्यांत ही काच बहुधा जमिनीशी ६० अंशांचा कोन करून कललेली दाखवतात. ती तशीच उचलू नये. मँचेस्टरसारख्या ५३ अंश अक्षांशापलीकडच्या गावी सूर्य भर उन्हाळ्यातही ६० अंशांच्या वर चढत नाही, त्यामुळे तिथे कललेल्या काचेवर दुपारचे ऊन पडत नाही. नागपूर २१ अंशांवर आहे, आणि इथे त्याच काचेतून फेब्रुवारीच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत भर दुपारचे ऊन आत येईल. म्हणून काच उभीच बसवावी. मेअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य माथ्यावरून किंचित उत्तरेला सरकतो. तेवढ्यासाठी वरचा पत्रा काचेच्या थोडा पुढे आलेला ठेवला तरी पुरते. उन्हाळ्यातील सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन अडवायला काचेबाहेर उभ्या पट्ट्या लावाव्यात.

काच उभी असल्याने तिच्याच प्रतलात जाळीचा गर्डर (वर-खाली आडव्या पट्ट्या आणि मध्ये तिरपे अँगल असलेली लोखंडी तुळई) बसवता येतो. त्याच्या वरच्या पट्टीवरून निघालेले पाखे पुढच्या गर्डरच्या खालच्या पट्टीवर टेकते आणि मधले खांब कमी होतात. काचेमागे दिसणारे तिरपे अँगल कुणी नजरेला खुपतात म्हणून काढायला सांगेल, पण त्यांच्यामुळे बनणाऱ्या त्रिकोणांमुळेच भार वाहिला जातो. ते नको असतील तर प्रत्येक सांधा ताठ करावा लागतो व लोखंड बरेच वाढते. कारखान्यासाठी हा खर्च मला अनाठायी वाटतो. इमारतींवरील भारांसंबंधीच्या भारतीय मानक ८७५ नुसार नागपूरसाठी वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला ४४ मीटर धरतात, त्यामुळे पत्रा उचलणाऱ्या वाऱ्याचा हिशेब संरचना अभियंत्याकडूनच करून घ्यावा.

अशा छपरांचे खरे दुखणे म्हणजे दोन दात्यांमधली पन्हळ. ती माणूस चालू शकेल इतकी रुंद ठेवावी, दोन्ही टोकांना उतार द्यावा आणि पावसाळ्यापूर्वी साफ करावी.