सातपुडा, सतपुडा की सातपुरा?

एका ताईंनी विचारलंय की मुलगी शाळेत हिंदीत सतपुड़ा शिकते, इंग्रजी नकाशा वाचताना सातपुरा म्हणते आणि घरात आजी सातपुडा म्हणते, तर यातलं बरोबर काय आणि हे सात नक्की कसले? शिवाय विंध्याचल पर्वत म्हणणं बरोबर आहे का? इंदूरच्या आपल्या बहुतेक मराठी घरांत या तिन्ही भाषा एकाच जेवणाच्या टेबलावर असतात, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आजी बरोबर आहे, मराठीत सातपुडाच. हिंदीतलं सतपुड़ा पण चूक नाही, हिंदीला जोडशब्दात सातचं सत करायची सवयच आहे, सतरंगी, सतखंडा वगैरे, आपण मात्र सातमजली, सातपदरी म्हणतो. 'पुरा' मात्र सोडून द्या. हिंदीतला नुक्तावाला, म्हणजे खाली टिंब असलेला ड़ इंग्रजीत आर लिहितात आणि आपण तो परत देवनागरीत आणताना र करून बसतो, बस. बड़वानीचं बरवानी आणि बड़वाहचं बरवाहा असंच होतं. आणि एकदा सातपुरा झालं की लोक अर्थही लावून टाकतात, सात पुरं, म्हणजे सात गावं! त्याचा या नावाशी काही संबंध नाही.

आता पुडा. संस्कृत पुट म्हणजे घडी, पदर, दोन बाजूंनी मिटलेली पोकळी. बोलीत येताना ट चा ड झाला, जसं घट चं घडा, वट चं वड. हा शब्द आपण रोज वापरतो, फक्त लक्षात येत नाही. नाकपुडी घ्या, साखरपुडा घ्या, सकाळी पोह्यांवर भुरभुरायला जीरावनची पुडी आणतो ती घ्या, कागद कसा घडीवर घडी घालून मिटलेला असतो बघा. तीच घडी डोंगराची. सातपुडा म्हणजे सात घड्यांचा डोंगर. सात मोजायला जाऊ नका, सातासमुद्रापारमधले समुद्र कुठे कोणी मोजतं.

दुसरी एक व्युत्पत्ती सांगतात, सातपुत्र, म्हणजे विंध्याचे सात मुलगे. इंग्रज अमदानीतल्या गॅझेटियरमधे दोन्ही दिल्यात. गोष्ट गोड आहे पण मला पटत नाही, कारण पुत्र घासून पूत होतो, सपूत, राजपूत बघा, पुडा नाही होत. त्याच गॅझेटियरमधे असंही आहे की हे नाव आधी फक्त निमाडातल्या, नर्मदा आणि तापीच्या मधल्या डोंगरांचं होतं. आज तर पार पचमढीचं १३५० मीटर उंचीचं धूपगड पण सातपुड्यातच धरतात.

आणि घड्या बघायच्या असतील तर पुण्याला जाताना रात्रीच्या बसऐवजी एकदा दिवसा निघा. इंदूरहून महू, मानपूरपर्यंत डोंगर लागतच नाही, कारण आपण विंध्याच्या पाठीवरच राहतो, इकडचा उतार इतका हळू आहे की कळतच नाही, चंबळ, क्षिप्रा त्याच उतारावरून उत्तरेला गेल्या. मग मानपूरच्या पुढे एकदम रस्ता खाली कोसळतो, कान बंद होतात, निमाडाची गरम हवा लागते, आणि मागे वळून बघितलं की विंध्य भिंतीसारखा उभा. एकच भिंत. मग खलघाटला नर्मदा ओलांडली, सेंधव्याच्या पुढे बिजासनचा घाट लागला की समोर एक रांग, तिच्यामागे फिकट दुसरी, तिच्यामागे आणखी फिकट तिसरी, अशा एकामागे एक. मला तरी पुडा शब्द तिथे खिडकीत बसून कळला, डिक्शनरीत नाही.

राहिलं विंध्याचल पर्वत. अचल म्हणजेच पर्वत, त्यामुळे विंध्याचल पर्वत म्हणजे विंध्य पर्वत पर्वत झालं. सह्याद्री पर्वतचं पण तेच, सह्य अधिक अद्री. बोलण्यात रुळलंय म्हणून कोणाला टोकू नका, पण मुलीच्या निबंधात नुसतं विंध्य किंवा विंध्याचल लिहवा. आणि नुसतं विंध्याचल म्हटलं की उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळचं विंध्यवासिनीचं गावही समजतात, तेव्हा आपल्या डोंगराला विंध्य म्हणणं जास्त सोयीचं.