वाचकांचे प्रश्न : रेघेच्या कडेची बर

प्रश्न : माक्स बेकमान या जर्मन चित्रकाराचे १९२१ मधील, गोल टोपी घातलेले आत्मचित्र एका पुस्तकात पाहिले. खाली ‘ड्रायपॉइंट’ असे छापले होते. रेघांच्या कडेला शाई फुटल्यासारखी दिसते. हा छपाईचा दोष आहे का? आणि माणूस इतका ओबडधोबड का काढला असावा? मी आयुष्यभर लेथवर काम केले आहे, त्यामुळे पत्र्यावर नेमके काय करतात याचेही कुतूहल आहे.
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : तो दोष नव्हे, त्या फुटलेल्या शाईसाठीच चित्रकार ड्रायपॉइंटकडे वळतो. आपल्याला हे आपल्याच कामातल्या एका शब्दात सांगता येईल : बर. तांब्याच्या पत्र्यावर पोलादी किंवा हिऱ्याच्या टोकाची सुई दाबून ओढली की, नांगराच्या तासाशेजारी माती चढावी तसा धातू रेघेच्या कडेला उचलला जातो. कारखान्यात आपण ही बर कानशीने घासून टाकली असती. चित्रकार ती जपतो. पत्र्याला शाई चोळून कापडाने पुसली तरी त्या खरबरीत कडेत ती अडकून राहते आणि ओलसर कागदावर रेघ मखमलीसारखी उमटते. एचिंग या दुसऱ्या छापपद्धतीत सुई पत्र्यावरच्या मेणाच्या थरातूनच फिरते आणि धातूतली रेघ आम्ल खोदते, त्यामुळे हात मोकळा फिरतो. येथे मात्र धातू सुईला अडवतो, वळणावर हात अडखळतो आणि ते अडखळणे चित्रात उतरते.

ओबडधोबडपणाचे अर्धे कारण हे. उरलेले अर्धे बेकमानच्या आयुष्यात शोधावे लागते. पहिल्या महायुद्धात तो वैद्यकीय पथकात शुश्रूषेचे काम करत होता. १९१५ मध्ये मनाने पार खचून तो तेथून सुटला आणि फ्रँकफुर्टला राहू लागला. त्यानंतरची त्याची माणसे कोनदार, अंग चोरून बसलेली, चौकटीत कोंबल्यासारखी दिसतात. ‘चेहरे’ या नावाने १९१९ मध्ये निघालेल्या संचात अशी १९ ड्रायपॉइंट चित्रे आहेत. (अभिव्यक्तिवादी, म्हणजे हुबेहूबपणापेक्षा मनातली खळबळ मांडणारा, हा शिक्का त्याला स्वतःला रुचत नसे; समीक्षकांनी तो मारलाच.)

मूळ प्रत कधी पाहायला मिळाली, तर टोपीच्या काळ्या भागावर भिंग धरून पाहावे, कारण पुस्तकातल्या छपाईत बरीचा मऊपणा सपाट होतो. दाबयंत्राखाली बर लवकर चेपते, म्हणून साधारणतः दहा-वीस प्रतींनंतर रेघ रोडावू लागते. ते टाळण्यासाठी पत्र्यावर विजेच्या साहाय्याने लोखंडाचा पातळ थर चढवतात. प्रती वाढतात, पण पहिल्या प्रतींची मखमल थोडी उणावतेच.