खेळाडूची ‘कारकीर्द’ की ‘करिअर’?

प्रश्न असा आला आहे: “बर्फावर जड दगड घसरवत खेळायच्या कर्लिंग या खेळातला अमेरिकन खेळाडू जॉन शूस्टर याच्यावर मराठीत लिहीत होतो. ‘शूस्टरची कारकीर्द’ असं लिहिलं तर एका जाणकारांनी हरकत घेतली. त्यांचं म्हणणं, कारकीर्द पेशव्यांची किंवा मुख्यमंत्र्यांची असते, खेळाडूचं करिअर असतं. बरोबर काय?”

हरकतीला आधार आहे, पण तो जुना आहे. ‘कारकीर्द’ फारसीतून आला. त्यातलं ‘कार’ म्हणजे काम. कारखाना, कारकून, कारागीर यांतही तेच आहे. मराठीत हा शब्द रुळला तो मात्र अंमल, राजवट या अर्थाने. थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीत, वसंतराव नाईकांच्या कारकिर्दीत, असं आपण आजही म्हणतो आणि तिथे ‘करिअर’ घालून पाहिलं तर वाक्यच मोडतं. पुढे अर्थ पसरला. गायकाची, नटाची, न्यायाधीशाची कारकीर्द आली, आणि तेंडुलकरच्या चोवीस वर्षांच्या खेळाला तर कुणी दुसरा शब्द वापरलेलाच फारसा आठवत नाही. तेव्हा खेळाडूची कारकीर्द शंभर टक्के शुद्ध मराठी.

मग ‘करिअर’ का नको? मराठीत आल्यावर या शब्दाने स्वतःचा अर्थ धरला आहे. आपण करिअर निवडतो, त्यात करिअर करतो, मुलांच्या करिअरची काळजी करतो. म्हणजे पोटापाण्याचा व्यवसाय, आणि तोही बहुधा पुढे घडायचा. कारकीर्द कुणी निवडत नाही. ती सुरू होते, गाजते, झाकोळते, संपुष्टात येते. करिअरची नजर पुढे असते, कारकिर्दीची मागे. इतका स्वच्छ फरक बोलण्यात आपोआप पाळला जातो, तो लिहिताना का सोडायचा?

आता शूस्टर. त्याच्या बाबतीत ‘करिअर’ लिहिलं तर वाचकाची सरळ दिशाभूल होते, कारण कर्लिंग हा त्याच्या पोटापाण्याचा धंदा नव्हता. २०१८ साली प्योंगचांगला अमेरिकेला कर्लिंगमधलं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण मिळवून दिलं त्या काळात तो खेळाच्या साहित्याच्या दुकानात नोकरी करत होता. त्याचा साथीदार टायलर जॉर्ज दारूच्या दुकानाचा कारभार पाहायचा, जॉन लँडस्टायनर अभियंता. करिअर एकीकडे आणि कारकीर्द दुसरीकडे, अशी ही माणसं.

आणि कारकीर्दही कशी! मिनेसोटातल्या चिझम गावचा हा मुलगा २००६ च्या तुरिन ऑलिंपिकमध्ये पीट फेन्सनच्या संघात ‘लीड’ होता. लीडने प्रत्येक एंडमध्ये, म्हणजे डावात, संघाचे पहिले दोन दगड सोडायचे आणि मग इतरांच्या दगडापुढे बर्फ घासत धावायचं. त्या संघाने कांस्य जिंकलं, अमेरिकेचं या खेळातलं पहिलं अधिकृत ऑलिंपिक पदक. नंतर शूस्टरने स्वतःचा संघ बांधला आणि ‘स्किप’ झाला. स्किप म्हणजे संघनायक; समोरच्या टोकाला उभं राहून प्रत्येक दगड कुठे जावा ते ठरवणारा आणि बहुतेक संघांत शेवटचे दोन दगड स्वतः सोडणारा. सत्ता त्याची आणि अपयशही त्याच्याच नावावर. म्हणून ‘स्किप म्हणून शूस्टरची कारकीर्द’ असं लिहिलं की शब्दाचा जुना, अंमलाचा अर्थही हळूच जागा होतो. मला हा प्रयोग म्हणूनच फार आवडतो.

या अंमलाची सुरुवात वाईट झाली. २०१० ला व्हँकुव्हरमध्ये पहिले चारही सामने हरल्यावर एका सामन्यात त्याला बाहेर बसवलं. नऊपैकी दोनच विजय, शेवटचा क्रमांक. तेव्हा इंटरनेटवर इंग्रजीत त्याच्या आडनावाचं चक्क क्रियापद झालं, अर्थ साधारण ‘मोक्याच्या क्षणी कच खाणे’. आपल्याकडे माणसाच्या नावावरून कळीचा नारद होतो, शकुनिमामा होतो, भगीरथ प्रयत्न होतात. जिवंत माणसाच्या आडनावाचं क्रियापद करण्याची सवय मराठीला नाही, हे बरंच आहे. २०१४ ला सोची, पुन्हा नऊपैकी दोन. मग राष्ट्रीय संघटनेने आपल्या खास प्रशिक्षण योजनेतून त्याला वगळलं. त्याने जॉर्ज, लँडस्टायनर आणि मॅट हॅमिल्टन यांना घेऊन नाकारलेल्यांचा संघ उभा केला, आणि २०१६ मध्ये या चौघांनी बासेलच्या जागतिक स्पर्धेत कांस्य मिळवलं.

प्योंगचांगला पहिल्या सहा सामन्यांत दोन विजय, चार पराभव. आणखी एक हरले असते तर बहुधा घरी. कॅनडा, स्वित्झर्लंड, ब्रिटन ओळीने हरवले, उपांत्य फेरीत कॅनडाला पुन्हा ५-३. अंतिम सामन्यात स्वीडनशी आठव्या एंडला ५-५ अशी बरोबरी होती आणि शेवटचा दगड शूस्टरच्या हातात. स्वीडनचे दोन दगड ‘घरात’, म्हणजे लक्ष्याच्या वर्तुळात होते. त्याने सुमारे २० किलोचा तो ग्रॅनाइट असा सोडला की एकाला लागून तो दुसऱ्यावर गेला आणि दोन्ही बाहेर. घरात उरले ते अमेरिकेचेच पाच दगड, म्हणजे एका फटक्यात पाच गुण. सामना १०-७. शेवटचे दगड चुकल्यामुळे ज्याची चेष्टा झाली, त्याने शेवटच्याच दगडावर सुवर्ण घेतलं.

२०२२ ला बीजिंगच्या उद्घाटनात त्याने अमेरिकेचा ध्वज धरला; ते त्याचं पाचवं ऑलिंपिक, संघ चौथा आला.

तेव्हा तुमचा शब्द बदलू नका. दोन गोष्टी मात्र सांभाळा. मूळ शब्दात ‘की’ दीर्घ, पण सामान्यरूपात ती ऱ्हस्व होते: कारकीर्द, पण कारकिर्दीत, कारकिर्दीला. ‘कारकीर्दीत’ ही चूक वर्तमानपत्रांतही सर्रास दिसते. दुसरं, ‘शूस्टरने कारकीर्द केली’ असं लिहू नका. कारकीर्द गाजवतात, करतात ते करिअर. आणि नुकत्याच खेळू लागलेल्या एखाद्या मुलीबद्दल लिहायचं झालं तर तिथे ‘वाटचाल’ जास्त शोभेल.