एक टॅली, तीन कॉम्प्युटर

प्रश्न : उद्यमनगरात आमचं छोटं मशीन शॉप आहे. हिशेबाचं सॉफ्टवेअर टॅली, त्याचं सिल्व्हर लायसन्स, फक्त माझ्याच कॉम्प्युटरवर चालतं, पण बिलिंगच्या वहिनी आणि स्टोअरचा पोरगा, दोघांनाही तोच डेटा पाहिजे. फोल्डर शेअर केला, एक दिवस चाललं, दुसऱ्या दिवशी सकाळी दिसेनाच. काय करू?

उत्तर : दादा, आधी लायसन्स बघा. सिल्व्हर एका युजरसाठी असतंय, तिघांनी एकदम काम करायचं तर गोल्डच लागणार. आता फोल्डरचं, तर राउटर कॉम्प्युटरला कधीकधी नवा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा नंबर, देतो आणि तुम्ही पाथमध्ये, म्हणजे फोल्डरच्या पत्त्यात, कालचाच आकडा टाकलेला असणार, म्हणून ज्यात डेटा आहे त्या कॉम्प्युटरचा आयपी राउटरमध्ये जाऊन पक्का करून टाका, आणि विंडोजमध्ये नेटवर्क प्रायव्हेट ठेवा. फोल्डर सगळ्यांना उघडा ठेवू नका, तिघांचे वेगळे युजर करा, पासवर्डसकट. वायफायवर भागवू नका, केबलच ओढा, कारण एन्ट्री सेव्ह होताना कनेक्शन तुटलं की डेटा करप्ट होऊ शकतो. आणि कळकळीनं सांगतो, त्या कॉम्प्युटरला, राउटरला, नेटवर्कच्या स्विचला यूपीएस लावाच, लाईट गेल्यावर वर्षाचा हिशेब घालवून बसलेली माणसं मी बघितल्यात. बॅकअप रोज पेन ड्राइव्हवर घ्या, आणि तो पेन ड्राइव्ह संध्याकाळी घरी न्या, ड्रॉवरमध्ये ठेवू नका.