दोन शाळा, दोन्हींचा पट घसरलेला; निकाल आणि हजेरीवरून बरी कोणती ते कसं ठरवायचं?

तुमच्या प्रश्नात मानखुर्दच्या दोन प्राथमिक शाळा आहेत. एकीची हजेरी 85 टक्के, दुसरीची 78, निकाल दोन्हींचा शंभर टक्के, आणि मुलीला पहिलीत घालायचंय.

मी पालिकेच्या शाळेत बावीस वर्षं लहान वर्ग घेतले, त्यावरून सांगते. निकाल बाजूला ठेवा. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत नापास करणंच थांबवलं. पुढे 2019 च्या दुरुस्तीनंतर आपल्याकडे पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा परत आली. पण चौथीपर्यंत सगळे वर जातातच. जूनमध्येच लिहून ठेवावा असा तो निकाल.

हजेरीत मात्र खरी गंमत आहे. वर्गात 40 मुलं, महिन्यात 20 दिवस शाळा. 85 टक्के म्हणजे 120 गैरहजेऱ्या. प्रत्येकाने तीन-तीन दांड्या मारल्या तरी 120, आणि सहा मुलं महिनाभर फिरकलीच नाहीत तरी 120. पहिल्या वर्गाचं काही बिघडत नाही. दुसऱ्यात सहा मुलं गेल्यात जमा. म्हणून टक्का विचारू नका, हजेरीपत्रकातल्या आडव्या ओळी बघा.

माझ्या तिसरीत एक मुलगी होती, तिच्या ओळीत एक दिवसाआड गैरहजर. आधी मला वाटलं, कंटाळा करते. तिच्या गल्लीत पाणी एक दिवसाआड यायचं, आई कामावर, त्यामुळे हंडे तिच्याकडे. पाण्याची वेळ कळल्यावर त्या दिवशी उशिरा आली तरी मी तिला बसवून घ्यायला लागले. कॅटलॉगच्या, म्हणजे हजेरीपत्रकाच्या, दृष्टीने ते चूकच! पण शाळेत कोणीतरी अशी ओळ वाचतं का, हे मी बघेन.

आकडा खरा आहे का, हेही तपासा. 2011 च्या ऑक्टोबरात राज्यभर पटपडताळणी झाली तेव्हा कागदावरची लाखो मुलं वर्गात नव्हतीच. तुम्ही मोठ्या सुट्टीनंतर जा, खिचडी खाऊन किती मुलं वर्गात परतली ते दिसेल. जून नको, गावाला गेलेली कुटुंबं तेव्हा परतलेली नसतात. ऑगस्ट बरा. शाळा व्यवस्थापन समितीत निदान 75 टक्के पालक असायला हवेत, त्यांच्यापैकी कोणाला सोबत घ्या.

आणि तिसरीतल्या मागच्या बाकावरच्या मुलाला दुसरीचं बालभारती देऊन मधलंच एक पान वाचायला सांगा. पहिलं पान नको, ते पाठ असतं. बाई आधीच म्हणाल्या, ‘तो नको, हिला विचारा’, तर त्या वर्गाचं उत्तर तुम्हाला तिथेच मिळालं.

तुमच्या आकड्यांवरून विचाराल तर मी 78 वाली आधी बघेन. पडलेला आकडा पडलेलाच लिहिणारी मुख्याध्यापिका सहसा बरी असते.