वर फेकलेला चेंडू आणि त्वरणाची उकल

नववीत गतीचे धडे सुरू झाले की तीन समीकरणे पाठ करण्याची घाई होते. ती तूर्त बाजूला ठेवून तुम्ही सरळ वर फेकलेल्या एकाच चेंडूचा नीट विचार करावा, असे मी सुचवेन. सर्वोच्च बिंदूवर चेंडूचा वेग शून्य असतो हे बहुतेक विद्यार्थी बरोबर सांगतात, परंतु तेथे त्वरणही, म्हणजे वेग बदलण्याचा दरही, शून्य असते असे लगेच जोडून देतात, आणि गल्लत नेमकी इथेच होते.

चेंडू 19.6 मीटर प्रति सेकंद वेगाने वर फेकला, हवेचा अवरोध सोडून दिला आणि वरची दिशा धन मानली, तर दर सेकंदाअखेरचे वेग 9.8, 0, उणे 9.8 आणि उणे 19.6 असे येतात. प्रत्येक सेकंदाला वेगात होणारा बदल तोच, उणे 9.8, राहतो, दुसऱ्या सेकंदाला वेग शून्यावर आला म्हणून तो बदल थांबत नाही. त्वरण तेथे खरोखर शून्य झाले असते, तर चेंडू 19.6 मीटर उंचीवर अधांतरी लटकून राहिला असता.

हे वेग आलेख कागदावर काळाच्या समोर मांडा. शून्यरेषा ओलांडताना कोठेही न वाकणारी एकच तिरपी सरळ रेषा मिळेल. तिचा चढ म्हणजेच त्वरण. चिन्हांची दिशा मात्र गणिताच्या मध्येच बदलू नका, परीक्षेतले निम्मे घोटाळे तिथूनच निघतात.